‘सर्रा’ : एका अश्वरोगाचें नांव, त्याचा शोध व आमचीं दप्तरें

मराठ्यांच्या स्वाऱ्या, मुक्काम व लढाया यांचा हिशेब आम्ही मंडळी मोठ्या कसोशीनें लावतों. पागेंत घोडीं किती, बारगीर किती, शिलेदार किती, चंदी कोठून आली, नालबंदी कशी पडली, हें सर्व काढतों. पण तें घोडें ठाणावर उभें असतां ज्वरानें तापत असे, त्याचे पाय सुजत, दाणा खाऊनही तें महिन्या-दोन महिन्यांत हाडांचा सांपळा होई व एके सकाळीं मोतद्दारास मेलेलें आढळे, या गोष्टीकडे आमचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. कागदांत ‘घोडीं पडलीं’ एवढे दोन शब्द आले कीं आम्ही पुढच्या ओळीकडे वळतों. तीं कशानें पडलीं हें विचारण्याची संवय आम्हांस नाहीं.

या प्रश्नाकडे आम्ही वळलों तें एका कोशामुळें. घोड्यांच्या ‘सर्रा’ नामक रोगाचें नांव इंग्रजीनें कोठून घेतलें तें सांगतांना मेरियम-वेब्स्टरसारख्या मान्यवर कोशानें तें मराठी ‘सूर’ या शब्दापासून निघालें असें म्हटलें आहे, आणि त्या ‘सूर’चा अर्थ श्वासाची घरघर असा दिला आहे. हें वाचून प्रथम आम्हांस समाधान वाटलें हें कबूल करतों. ज्या रोगाच्या शोधानें वैद्यकाच्या इतिहासांत एक नवें प्रकरण उघडलें त्याचें नामकरण मराठीनें केलें, ही गोष्ट कोणाही मराठी माणसास गोड वाटेल. परंतु गोड वाटणें निराळें व प्रमाणानें सिद्ध होणें निराळें. जसजसा विचार करूं लागलों तसतसा हा मान आपला नव्हे अशी आमची खात्री होत गेली. कशी, तें पुढें येईल. पण त्यापूर्वीं रोग काय आहे व तो कोणीं ओळखला हें सांगितलें पाहिजे, कारण नांवाचा निवाडा रोगाच्या लक्षणांवांचून होत नाहीं.

हा रोग रक्तांतील एका परोपजीवी जंतूपासून होतो. जंतु अत्यंत सूक्ष्म, लांबट, एका अंगास नाजूक पडद्याची झालर व टोंकास चाबकाच्या दोरीसारखा तंतु असलेला असून तो रक्तांत सळसळत पोहतो व दुभंगून आपली संख्या वाढवितो. घोड्यास ज्वर येतो, उतरतो, कांहीं दिवसांनीं पुन्हां चढतो. हा चढउतार कां होतो याचा उलगडा विसाव्या शतकांत झाला: घोड्याचें रक्त त्या जंतूस ओळखून मारूं लागतें तोंच त्यांतील कांहीं जंतु आपलें बाह्य आवरण पालटतात व शरीराच्या रखवालदारांस पुन्हां अनोळखी होतात. या बहुरूपीपणामुळेंच या रोगावर लस अद्याप साधलेली नाहीं. दरम्यान घोडें फिकें पडतें, डोळ्याच्या आंतील त्वचेवर रक्ताचे बारीक ठिपके उठतात, पाय व पोटाचा खालचा भाग सुजतो, मागचा भाग लुळा पडूं लागतो, आणि भूक बहुधा शेवटपर्यंत शाबूत असतांही मांस झडत जातें. उपचार न झाल्यास घोडें कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत मरतें. उंट मात्र वर्षानुवर्षें रोग अंगावर काढतो. म्हणूनच उंटवाल्यांमध्यें या रोगास ‘तिबरसा’, म्हणजे तीन वरसांचा, असें नांव आहे. गाय, बैल व म्हैस यांस तर कित्येकदां बाहेरून कांहींच झालेलें दिसत नाहीं. जंतु त्यांच्या रक्तांत वस्ती करून राहतो व शेजारच्या घोड्याचा काळ होतो. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. आमच्या छावण्यांचा विचार करतांना तिचें काम पडणार आहे.

जंतु ओळखला गेला तो इ. स. १८८० मध्यें, सिंधूच्या पश्चिम तीरावरील डेरा इस्माइल खान येथें. तेथें सरकारी घोडीं मोठ्या प्रमाणावर मरूं लागल्यानें पंजाब सरकारनें ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यास चौकशीकरितां पाठविलें. इव्हान्स हे वेल्स देशांतील, जन्म १८३५ चा. पशुवैद्यकाखेरीज कानडांतील मॅकगिल विद्यापीठांतून मनुष्यवैद्यकाची पदवीही त्यांनीं घेतली होती, व हिंदुस्थानांत ते १८७७ सालीं आले होते. त्यांनीं आजारी घोड्यांचें रक्त सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिलें तों त्यांत हे वळवळणारे जीव दिसले. ज्वर असतां ते पुष्कळ, ज्वर उतरतां नाहींसे, पुन्हां ज्वराबरोबर हजर. उंटांत व खेचरांतही तेच आढळले. मग आजारी जनावराचें रक्त निरोगी घोड्याच्या व कुत्र्याच्या अंगांत घालून त्यांनीं रोग उत्पन्न करून दाखविला. रक्तांतील हाच जीव रोगाचें कारण होय, असा निष्कर्ष त्यांनीं आपल्या अहवालांत मांडला.

आज हें सरळ वाटतें. त्या वेळीं तसें नव्हतें. कॉक यांचें काळपुळीच्या जंतूवरील काम प्रसिद्ध होऊन चारच वर्षें झालीं होतीं, क्षयाच्या जंतूचा शोध लागण्यास दोन वर्षें अवकाश होता, आणि अल्जीरियांत लॅव्हरां यांनीं हिंवतापाचा जंतु पाहिला तो याच १८८० सालीं. शिवाय कलकत्त्यास टिमथी ल्यूइस यांस उंदरांच्या रक्तांत अगदीं अशाच तऱ्हेचे जंतु दोन-तीन वर्षें आधीं सांपडले होते आणि ते उंदीर धडधाकट होते. तेव्हां असे जंतु रक्तांत असणें हा रोगाचा परिणाम किंवा निव्वळ योगायोग असावा, कारण नव्हे, असें थोरामोठ्यांनीं ठरविलें व इव्हान्स यांचें म्हणणें बाजूस पडलें. सस्तन प्राण्यांस या वर्गांतील जंतूपासून रोग होतो हें प्रथम दाखविणारा पुरुष तो हाच. आफ्रिकेंतील ‘नगाना’ या गुरांच्या रोगावर ब्रूस यांनीं केलेलें सुप्रसिद्ध काम त्यानंतर पंधरा वर्षांनीं झालें. इव्हान्स यांस लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या संस्थेनें पदक दिलें तें १९१७ सालीं, त्यांच्या वयाच्या ब्यायशींव्या वर्षीं! ते शंभर वर्षें पुरीं करून १९३५ च्या डिसेंबरांत वारले, म्हणून तें पदक त्यांस पाहावयास तरी मिळालें.

येथून कथा आमच्या प्रांतांत येते. १८८५ सालीं ब्रह्मदेशांत लष्करी खेचरें अशाच गूढ ज्वरानें मरत असतां जॉन हेन्री स्टील यांनीं तपास केला, त्यांच्या रक्तांत तोच जीव पाहिला व इव्हान्स यांच्या नांवावरून त्यास नांव दिलें. जंतूचा वर्ग ओळखण्यांत त्यांची चूक झाली होती. ती पुढें इतरांनीं सुधारली. पण ‘इव्हान्सी’ हें उपपद त्यांनीं दिलें तें कायम राहिलें. हेच स्टील पुढच्या वर्षीं, १८८६ मध्यें, मुंबईस परळ येथें निघालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे पहिले मुख्य झाले. मुंबई इलाख्यांतील पशुवैद्यांची पहिली पिढी त्यांच्या हाताखालीं तयार झाली. ते १८९१ सालीं अकालीं वारले. त्यांच्या स्मरणार्थ विलायतेंत जें पदक ठेवण्यांत आलें तें पुढें वृद्ध इव्हान्स यांसही देण्यांत आलें.

पुण्याचा संबंध याहूनही निकटचा आहे, आणि पुणेकरांस तो बहुतेक विसरला आहे. जनावरांच्या रोगांच्या संशोधनासाठीं सरकारनें जी मध्यवर्ती प्रयोगशाळा काढली ती १८८९ च्या डिसेंबरांत पुण्यास, कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारांत. पुढें अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून जें प्रसिद्ध झालें तेंच हें कॉलेज. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे मुख्य होते. १८९३ च्या सुमारास ती प्रयोगशाळा हिमालयांत मुक्तेश्वर येथें हलली, व पुढें वाढत जाऊन आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. लिंगार्ड यांनीं घोड्यांच्या सर्रा रोगावरील आपला मोठा अहवाल मुंबईस छापून १८९३ सालीं प्रसिद्ध केला. त्यांनीं सोमलाचे प्रयोगही केले. सोमलानें ज्वर हटतो व घोड्याचें आयुष्य वाढतें असें त्यांस आढळलें. या वर्गाच्या जंतूंवर सोमलाचा जो मार्ग पुढें जर्मनीपर्यंत गेला त्यांतील आरंभींचीं पावलें यांपैकीं होत. मुळामुठेच्या काठीं एके काळीं पेशव्यांच्या पागा असत, तेथेंच घोड्याच्या या वैऱ्याचा अभ्यास चालावा हा योग विलक्षण खरा. मात्र त्यावरून रोगाचें नांवही पुण्याकडचें असें कोणीं समजूं नये. तें नांव लिंगार्ड पुण्यास येण्यापूर्वीं दहा वर्षें छापून निघालें होतें.

रोग एका जनावरांतून दुसऱ्यांत जातो कसा, याविषयीं पुष्कळ काळ घोळ होता. पाणी, चारा, उंदीर, यांवर आळीपाळीनें संशय घेण्यांत आला. १९०१ सालीं लिओनार्ड रॉजर्स यांनीं मुक्तेश्वरीं प्रयोग करून दाखविलें कीं मोठी चावरी घोडमाशी आजारी जनावरास डसून लगेच निरोगी जनावरावर बसली तर रोग देते. मध्यें बराच वेळ गेला तर देत नाहीं. म्हणजे माशीच्या पोटांत जंतूची वाढ होत नाहीं. रक्तानें भिजलेली सुई एकांतून काढून दुसऱ्यांत खुपसावी तसा हा प्रकार आहे. परंतु ही माशी कोणाच्या ध्यानांत प्रथम आली? डेरा इस्माइल खानच्या बाजूचे लोक या रोगाचा संबंध मोठ्या डसणाऱ्या माशांशीं लावीत, हें इव्हान्स यांच्याच लेखनांतून कळतें. रॉजर्स यांनीं प्रयोगानें जें सिद्ध केलें त्याची कुणकुण सिंधुतीरावरच्या घोडेवाल्यांस वीस वर्षें आधीं, व बहुधा त्यापूर्वीं कित्येक पिढ्या, होती. त्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेवलीं नाहींत. लिहून राहिला तो त्यांचा एक शब्द, आणि त्याचीही पुढें काय दशा झाली तें आतां पाहूं.

‘सर्रा’ हा शब्द मराठी ‘सूर’ नव्हे असें आम्ही म्हणतों त्यास पहिलें कारण लक्षणांचें. वर जीं लक्षणें दिलीं त्यांत श्वासाची घरघर कोठेंच नाहीं. मरणोन्मुख घोडें धापा टाकील, पण त्यावरून रोगाचें नांव कोणी पाडणार नाहीं. घोड्याच्या श्वासाचा आवाज हेंच मुख्य लक्षण असणारा विकार निराळा आहे: घशाच्या कांड्याचा एक स्नायु लुळा पडून दौडतांना घोडें घोरल्यासारखा आवाज काढतें. जुन्या मराठींत श्वासध्वनीस ‘सूर’ म्हणत असलेच, आणि ‘स्वर’ शब्दाचा नाकपुडींतील श्वास असा अर्थ स्वरोदयशास्त्रांत रूढ असल्यानें तें अशक्य म्हणवत नाहीं, तर तें नांव या दुसऱ्या विकारास शोभेल. ज्या रोगांत घोडें मुकाट्यानें झिजतें त्यास तें कसें शोभावें?

दुसरें कारण स्थळाचें. शब्द कागदावर आला तो डेरा इस्माइल खान येथें, स्थानिक लोकांच्या तोंडून. तेथील बोली पंजाबी-सिंधी वळणाची, पलीकडे पुश्तु. तेथें मराठी शब्द जाण्यास मार्ग कोणता? एका मित्रांनीं आम्हांस सुचविलें कीं १७५८ सालीं मराठ्यांचीं घोडीं अटकेपर्यंत गेलीं होतीं, अटक काय आणि डेरा इस्माइल खान काय, दोन्ही सिंधूच्याच काठचीं. तेव्हां शब्द तेथें सोडून आलीं असतील! कल्पना मोठी रम्य आहे. पण रघुनाथराव त्याच वर्षीं उन्हाळ्यांत लाहोराहून परतले, व मागें राहिलेल्या फौजांचा अंमलही त्या प्रदेशांत फार दिवस टिकला नाहीं. इतक्या अल्प सहवासांत परक्या स्वारांचा एक शब्द तेथल्या घोडेवाल्यांनीं उचलावा, तो सव्वाशें वर्षें जपावा, आणि इकडे महाराष्ट्रांत मात्र तो त्या अर्थानें कोणाच्या ओळखीचाही नसावा, हें पटत नाहीं.

तिसरें कारण लेखनाचें, आणि आमच्या मतें हेंच निर्णायक आहे. इव्हान्स यांनीं हा शब्द रोमन लिपींत लिहिला तो एस, यू, दोन आर व ए अशा अक्षरांनीं. जुन्या इंग्रजी दप्तरांचा ज्यांस परिचय आहे त्यांस ठाऊक आहे कीं त्या काळचे साहेबलोक आपल्या ऱ्हस्व ‘अ’काराकरितां ‘यू’ हें अक्षर वापरीत. ‘पंजाब’, ‘सतलज’, ‘कच्छ’ हीं नांवें इंग्रजींत कशीं लिहितात तें पाहावें. दीर्घ ‘ऊ’ लिहावयाचा तर ते दोन ‘ओ’ घालीत. ‘लुधियाना’ व ‘मुलतान’ हीं नांवें जुन्या कागदांत तशींच येतात. तसेंच उत्तरेकडील जिभेला वळसा देऊन उच्चारावयाचा ‘ड’ ते ‘आर’नें लिहीत, व मागील स्वर ऱ्हस्व आहे हें दाखविण्यासाठीं पुढचें व्यंजन दुप्पट करीत. ‘घडी’ हा शब्द इंग्रजी लेखांत ‘घर्री’ असा वाचतां येईल अशा रीतीनें लिहिलेला सांपडतो तो यामुळेंच; तेथेंही ‘यू’ व दोन ‘आर’ आहेत. आतां हीच किल्ली या शब्दास लावावी. ‘घर्री’ म्हणजे घडी, तर ‘सर्रा’ म्हणजे ‘सडा’. उत्तरेकडील ‘सडा’, म्हणजे सडलेला. उलट, मूळ शब्द दीर्घ ऊकाराचा ‘सूर’ असता तर त्यांत दोन ‘ओ’ आले असते व ‘आर’ दुप्पट करण्याचें कारणच पडलें नसतें.

याच्याशीं अर्थही जुळतो. पशुवैद्यकावरील कित्येक ग्रंथकार या नांवाचा अर्थ ‘सडलेला’ असाच देतात. मात्र त्यांतील कांहीं तो अर्थ सांगून मूळ हिंदी शब्द दीर्घ ऊकाराचा ‘सूरा’ असा लिहितात. तशा रूपाचा व त्या अर्थाचा हिंदी शब्द आमच्या माहितींत नाहीं. त्यांस अर्थ परंपरेनें बरोबर मिळाला व रूप रोमन अक्षरांवरून चुकीचें बांधलें गेलें, असें दिसतें. शिवाय पंजाबींत याच धातूचा अर्थ सडणें व जळणें असा दुहेरी आहे. ज्वरानें जळणारें व आंतून सडत जाणारें जनावर. त्या प्रांतांतील माणसास याहून नेमकें नांव कोणतें सुचणार? ‘तिबरसा’ हा शब्दही अशाच साध्या डोळसपणानें पडलेला आहे, हें येथें लक्षांत घ्यावें.

आमच्या या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, व तो आम्हीच मांडून ठेवतों. १८८० पर्यंत हंटर साहेबांची नवी लेखनपद्धति सरकारी कामांत रूढ होऊं लागली होती, आणि तींत ‘यू’ म्हणजे ‘उ’. इव्हान्स यांनीं ती पाळली असेल तर शब्द ‘सुर्रा’ ठरेल. हें शक्य आहे. परंतु ‘सुर्रा’पासूनही मराठी ‘सूर’ निघत नाहीं, कारण ऱ्हस्व स्वर व द्वित्व तसेंच राहतें. म्हणजे ‘सडा’ हा आमचा पक्ष कोणास पुरता पटला नाहीं तरी मराठीचा दावा टिकत नाहीं. त्या कोशकारांस कोणा जुन्या मराठी-इंग्रजी कोशांतील ‘सूर’ शब्द दिसला असावा आणि घोड्याचा रोग म्हणजे श्वासाचा रोग अशी समजूत करून त्यांनीं दोन्ही टोंकें जोडलीं असावींत, असा आमचा तर्क आहे. गंमत अशी कीं आज मराठींतील पशुवैद्यक पुस्तकांत हा शब्द ‘सर्रा’ असा लिहितात तोही इंग्रजी अक्षरांवरून उलटा आणलेला. आमच्या भाषेंत ‘सडणें’ हा धातु घरोघर असतांना आपल्याच बहिणीच्या घरचा शब्द आम्हीं साहेबाच्या पोषाखांत स्वीकारला व त्यास ओळखलेंही नाहीं.

या शब्दचर्चेचा मराठी कागदांशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध मोठा आहे. मोडी लिपींत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घभेद सहसा पाळला जात नाहीं हें संग्राहकांस सांगावयास नको. तेव्हां घोड्यांच्या औषधांच्या एखाद्या बाडांत ‘सुर’ असें कांहीं आढळलें, आणि वाचणाराच्या मनांत ती कोशांतील व्युत्पत्ति असली, तर तो तत्काळ सर्रा रोगाचा मराठी दाखला सांपडल्याची दवंडी पिटील. वास्तविक त्या ठिकाणीं श्वासाचा विकार असेल, दारू असेल (घोड्याच्या औषधांत ‘सुरा’ येणें मुळींच आश्चर्याचें नव्हे), किंवा आणखी कांहीं असेल. सोमलाविषयींही हीच सावधगिरी हवी. नुसख्यांत सोमल आला म्हणून रोग सर्राच, असें होत नाहीं. अंग भरावें, केस चकचकीत दिसावे म्हणूनही घोड्यास सोमल चारण्याची चाल होती.

संस्कृत ग्रंथांचा आधार घेतांनाही असेंच. शालिहोत्राच्या नांवावर चालणारी परंपरा, नकुलाचा ग्रंथ व जयदत्ताचें ‘अश्ववैद्यक’ हीं आतां छापून उपलब्ध आहेत. तंजावरच्या सरस्वती महालांतील नकुलाचें अश्वशास्त्र चित्रांसह १९५२ सालीं प्रसिद्ध झालें. त्या शास्त्राची रोगचिकित्सा दोषांच्या चौकटींत बसविलेली आहे. ज्वर, सूज, फिकेपणा, कृशता हीं सर्व एकाच घोड्यांत, ज्वराच्या पुनरावृत्तीसह व अमुक ऋतूंत आलीं असें वर्णन जेथें मिळेल तेथेंच या रोगाचें नांव घेण्याचा अधिकार येतो. एका लक्षणावरून येत नाहीं.

आतां इतिहासाच्या मोठ्या प्रसंगांकडे. पानिपतावर घोडीं मेलीं तीं सर्रानें काय, असा प्रश्न आम्हांस विचारण्यांत आला आहे. आमचें उत्तर नकारार्थी आहे. कोंडी पडली ती हिंवाळ्यांत. चारा व दाणा तुटून घोडीं उपासानें गेलीं हें त्या काळच्या साधनांतच स्पष्ट आहे. जेथें भूक पुरेशी आहे तेथें माशी आणण्याचें प्रयोजन नाहीं. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाचेंही तेंच. पावसाळा संपतां माशी ओसरते व घोड्यांस स्वारी सुसह्य होते हें खरें. पण नद्यांचे उतार, नवा चारा व शेतांतील पीक हीं कारणें त्या रिवाजास पुरीं आहेत.

पावसाळी छावणीचें मात्र तसें नाहीं. शिवाजी महाराजांनीं चिपळूणच्या बाजूस उतरलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांस लिहिलेलें पत्र सर्वांच्या वाचनांतलें आहे. दाणा व वैरण आतांच उधळाल तर पावसाळ्यांत कांहीं उरणार नाहीं, घोडीं उपाशीं मरतील व तीं तुम्हींच मारलीं असें होईल. रात्रीं जळता दिवा ठेवाल तर उंदीर वात ओढून नेईल व गवताच्या गंजीस आग लागेल, इतका बारकावा त्या पत्रांत आहे. राजा घोड्याच्या पावसाळ्याची किती धास्ती बाळगून होता तें त्यावरून दिसतें. पत्रांत भय आहे तें उपासाचें व आगीचें. रोगाचें नाहीं, व तें त्यांत वाचण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु परिस्थितीचा विचार करावा. चार महिने एका जागीं दाटीनें बांधलेलीं शेंकडों घोडीं, शेजारीं तोफखान्याचे व वंजाऱ्यांच्या तांड्यांचे बैल, कोठें उंटांची कतार, आणि पावसानें माजलेल्या माशा. बैल व उंट रोग बाळगतात व माशी तो घोड्यापर्यंत नेते हें आज ठाऊक असल्यानें असें म्हणतां येईल कीं हा रोग मराठ्यांच्या छावणींत शिरला असल्यास त्यास याहून सोईचें घर मिळालें नसतें. शिरला कीं नाहीं, याचा निकाल कागदांनींच दिला पाहिजे, व तो देणारे कागद असलेच तर ते पागेच्या हजिऱ्यांत, मेलेल्या घोड्यांच्या याद्यांत व औषधांच्या खर्चांत असतील.

हा प्रश्न केवळ गतकालाचा आहे असेंही नाहीं. या रोगानें १९०१-०२ च्या सुमारास फिलिपाइन्स व मॉरिशस बेटांत प्रवेश करून तेथील घोड्यांचा मोठा नाश केला. आपल्या देशांत तो आजही घर करून आहे. हिसार येथील अश्वसंशोधन केंद्र त्यावर काम करतें, आणि क्विनापायरामिनसारखीं औषधें वेळेवर दिल्यास घोडें वांचतें. मनुष्यास हा रोग होत नाहीं अशी फार दिवसांची समजूत होती. ती खोटी ठरली ती महाराष्ट्रांतच! २००४ च्या अखेरीस चंद्रपूर जिल्ह्यांतील एका गुरें पाळणाऱ्या शेतकऱ्यास महिनोन्‌महिने चढउताराचा ज्वर येत होता. त्याच्या रक्तांत इव्हान्स यांचाच जंतु निघाला, व २००५ सालीं तो वृत्तांत प्रसिद्ध झाला. माणसाच्या रक्तांत या जंतूस मारणारा जो एक स्वाभाविक घटक असतो तो या गृहस्थाच्या रक्तांत जन्मतःच नव्हता, असें पुढल्या वर्षीं सिद्ध झालें. सुरामिन नांवाच्या जुन्या औषधानें तो बरा झाला.

तेव्हां जुन्या सरदार घराण्यांचीं दप्तरें ज्यांच्या ताब्यांत आहेत त्यांस आमची एक विनंति आहे. वतनाचीं पत्रें, सनदा, महजर निवडून झाल्यावर जो गठ्ठा ‘किरकोळ’ म्हणून बाजूस पडतो त्यांत घोड्यांच्या नुसख्यांचीं पानें बहुधा असतात. शिवण सुटलेलीं, तेलाच्या डागांचीं, बहुधा कोणा सालोत्र्याच्या किंवा पागेच्या कारकुनाच्या वेड्यावांकड्या अक्षराचीं. त्यांवर राजकारण नसल्यानें रद्दींत जाणारीं पहिलीं पानें तींच. तीं कृपा करून ठेवावींत, व नक्कल करतांना रोगाचें नांव जसें असेल तसेंच उतरून घ्यावें. ऱ्हस्वदीर्घ सुधारूं नये, ‘ड’च्या जागीं ‘र’ किंवा ‘र’च्या जागीं ‘ड’ वाटला तरी आपल्या मतानें बदलूं नये, संशय समासांत नोंदावा. लगतच्या पानावर तिथि किंवा महिना असल्यास तो अवश्य घ्यावा. घोडीं आषाढ-भाद्रपदांत मेलीं कीं माघांत, आणि त्याच मुक्कामावर उंट व बैल होते कीं नव्हते, एवढें कळलें तरी ‘घोडीं पडलीं’ या दोन शब्दांतून पुष्कळ वाचतां येईल.